आधीचं बाळ दिवस भरण्याआधी झालं असेल, तर या खेपेला प्रोबायोटिक घ्यायचं का?

चिठ्ठीवर लोह, कॅल्शियम, प्रोजेस्टेरॉन लिहिलेलं असतं आणि सगळ्यांत खाली एका प्रोबायोटिक कॅप्सूलचं, म्हणजे जिवंत, चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूलचं नाव. कधी ते डॉक्टरांनी लिहिलेलं असतं, कधी मैत्रिणीने सांगितलेलं, कधी मोबाईलवर पाहून आलेलं. मी नागपुरात औषधाच्या दुकानात बसते आणि काउंटरपलीकडून प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, हे घेतलं तं दिवस पूर्ण भरतीन ना जी?’

उत्तर आधीच देऊन टाकते. प्रोबायोटिक घेतल्याने अकाली प्रसूती टळते, हे आजवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. धोका खरोखर कमी करणारे काही उपाय आहेत, पण त्यांचे आठवडे ठरलेले आहेत. कॅप्सूल सुरू आहे म्हणून निर्धास्त राहून ते आठवडे निघून गेले, तर नुकसान कॅप्सूलच्या किमतीपेक्षा फार मोठं होतं. म्हणून हा लेख प्रोबायोटिकवर असला तरी त्याची सुरुवात प्रोबायोटिकपासून होत नाही.

१. जुनी फाईल बाहेर काढा

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ जन्मलं तर ती अकाली प्रसूती. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, कुठल्याही देशापेक्षा जास्त. एकदा असं झालं असेल तर पुढच्या खेपेला धोका साधारण दीड ते दोन पट असतो. म्हणजे पुन्हा होईलच असं नाही, पण या वेळी लक्ष आधीपासून ठेवायला हवं.

मागच्या बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डावर दोन गोष्टी शोधा: किती आठवड्यांना बाळ झालं, आणि सुरुवात कशाने झाली. कळा आपोआप आल्या का? कळांच्या आधीच पाणी गेलं का? की बीपी वाढलं, बाळाची वाढ खुंटली, म्हणून डॉक्टरांनीच लवकर सिझर केलं?

हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच घरात कुणी विचारत नाही. ‘आठव्या महिन्यात झालं’ एवढंच लक्षात राहतं. आपोआप कळा येण्यामागे किंवा पाणी जाण्यामागे जंतुसंसर्ग, गर्भपिशवीचं तोंड आखूड असणं, जुळं असणं अशी कारणं असू शकतात. प्रोबायोटिकची कल्पना निघाली ती यांतल्या फक्त पहिल्या कारणावरून. बीपीमुळे बाळ लवकर काढावं लागलं असेल तर तिचा तुमच्याशी फारसा संबंध नाही. उलट, पुढे येईल त्याप्रमाणे, तुम्ही जरा जास्तच जपून असायला हवं.

फाईल काढलीच आहे तर बाकीचंही एका कागदावर लिहून ठेवा. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर, जुळी, गर्भपिशवीच्या तोंडावर आधी झालेली शस्त्रक्रिया, कमी वजन, रक्त कमी असणं, वारंवार लघवीचा संसर्ग. आपल्या विदर्भात आणखी दोन गोष्टी विचारायलाच हव्यात. एक सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. घरात कुणाला असेल किंवा तुमची तपासणीच झाली नसेल, तर ती आधी करून घ्या. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईत अकाली प्रसूतीचा धोका जास्त असतो आणि तिची तपासणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. बायका खात नाहीत असं सगळे म्हणतात, पण पन्नी कुणाच्या पर्समधून निघते ते पानठेल्यावाल्याला आणि आम्हाला चांगलं ठाऊक असतं. तंबाखू चघळली तरी रक्तात उतरतेच, आणि त्याने बाळ लवकर व कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. खर्रा सुरू ठेवून महागडं प्रोबायोटिक घेणाऱ्या बाईला मी कॅप्सूल विकते, पण सांगतेही.

२. पहिले तीन महिने

११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. पुढचं सगळं वेळापत्रक आठवड्यांवर चालतं आणि आठवडे सगळ्यांत बिनचूक कळतात ते याच सोनोग्राफीत. पाळीची तारीख नक्की आठवत नसेल तर ही तपासणी आणखी गरजेची.

लघवीच्या साध्या तपासणीवर थांबू नका, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायला सांगा. लघवीत जंतू असूनही जळजळ होत नाही, ताप येत नाही, असं गरोदरपणात बरेचदा घडतं. न सापडलेला हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर कळा सुरू होऊ शकतात. याला योग्य प्रतिजैविक आहे, आणि त्याचा उपयोग होतो हे माहीत आहे. कॅप्सूल घ्यायला तयार असलेल्या किती जणी कल्चरसाठी लॅबमध्ये पुन्हा जायचा कंटाळा करतात, ते पाहिलं की वाईट वाटतं.

मागच्या खेपेला बीपी वाढलं असेल, किंवा आधीपासून बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ते १२ आठवड्यांनंतर आणि शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. विसाव्या आठवड्यात आठवण झाली तर बराच फायदा हातचा गेलेला असतो. मात्र अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने सुरू करायचं नाही.

चौथ्या महिन्यापासून पुढे, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, मोफत. खासगीत नाव घातलेलं असलं तरी तिथे जाता येतं.

३. सोळा ते चोवीस आठवडे: हाच खरा काळ

मागचं बाळंतपण आपोआप कळा येऊन किंवा पाणी जाऊन लवकर झालं असेल, तर या काळात गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजावी लागते. ही सोनोग्राफी पोटावरून नाही, योनिमार्गातून करतात. बायका लाजतात, घाबरतात, घरचे विचारतात की बाळाला लागणार तर नाही ना. लागत नाही. पोटावरून मोजलेली लांबी भरवशाची नसते, म्हणून आतूनच मोजायची.

लांबी २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली तर डॉक्टर दोन गोष्टींचा विचार करतात. एक, प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल, साधारण २०० मिलिग्रॅम, रोज रात्री योनिमार्गात. दुसरं, पिशवीच्या तोंडाला टाका. कुणाला काय, हे मागचा इतिहास आणि मोजमाप पाहून ठरतं. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल तोंडाने घ्यायची की आत ठेवायची, हे चिठ्ठीवरून कळलं नाही तर दुकानातच विचारा. एकच कॅप्सूल दोन्ही प्रकारे वापरली जाते आणि गोंधळ होतो.

दर आठवड्याच्या प्रोजेस्टेरॉन-जातीच्या इंजेक्शनबद्दलही एक सांगते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली या कामासाठीची त्याची मान्यता काढून घेतली, कारण मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. आपल्याकडे ते अजूनही लिहून दिलं जातं. तुम्हाला सुरू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण ‘हे कशासाठी, आणि तोंडाची लांबी मोजली का?’ एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

४. अंगावरून पांढरं जातंय, तर आधी ते काय आहे ते कळू द्या

प्रोबायोटिकपर्यंत बहुतेक बायका याच रस्त्याने येतात, म्हणून इथे जरा थांबते.

गरोदरपणात पांढरं जाणं वाढतंच. दुधट, पातळ, वास नाही, खाज नाही, तर ते नेहमीचं. दह्याच्या कवड्यांसारखं जातंय, सोबत खूप खाज आणि आग होतेय, तर बहुधा बुरशी. राखाडी, पातळ आणि मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर जाणवणारा, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसची शंका घ्यायची. पाण्यासारखं सतत झिरपतंय आणि पॅड ओला होतोय, तर ते पांढरं जाणं नसून गर्भजल असू शकतं. तेव्हा हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये बाहेरून नवा जंतू शिरलेला नसतो. योनिमार्गात नेहमी लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचं राज्य असतं. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, ४.५ च्या खाली राहतो आणि इतर जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. हे राज्य मोडलं की गार्डनेरेला नावाचा जंतू आणि त्याचे सोबती वाढतात. ते वर गर्भपिशवीच्या तोंडाकडे सरकले तर तिथे दाह सुरू होतो, दाहातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, तोंड मऊ पडतं, पाण्याची पिशवी कमकुवत होते. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, पण ज्यांना व्हजायनोसिस आहे त्यांच्यात अकाली प्रसूतीचं प्रमाण जास्त आढळतं.

निदान सोपं आहे. स्रावाचा पीएच, वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी. त्रास होत असेल तर मेट्रोनिडाझोल किंवा क्लिंडामायसिन, डॉक्टर सांगतील तितके दिवस. त्रास नसताना ‘कशाला विषाची परीक्षा’ म्हणून प्रतिजैविक घेण्यात मात्र अर्थ नाही. फ्रान्समध्ये हजारो गरोदर बायकांवर झालेल्या चाचणीत (२०१८) कमी धोक्याच्या बायकांना क्लिंडामायसिन देऊनही फार लवकर होणारी बाळंतपणं कमी झाली नाहीत.

आणि आता दुकानातली गोष्ट. पांढरं जातंय म्हटलं की काही ठिकाणी सरळ एक ‘किट’ हातात ठेवतात: एका पत्त्यात चार गोळ्या, त्यांत फ्लुकोनाझोल, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोल, नवरा-बायको दोघांनी घ्या म्हणून. गरोदर बाईने हे घेऊ नये. फ्लुकोनाझोल गरोदरपणात टाळायचं असतं. बुरशीसाठी योनिमार्गात ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या असतात, त्या डॉक्टर देतात. किट मागायला नवऱ्याला पाठवलं तर तो ‘बायको गरोदर आहे’ हे सांगतच नाही, असा आमचा अनुभव आहे. सांगायला सांगा.

५. मग प्रोबायोटिकचं काय?

कल्पना चांगली आहे, यात वाद नाही. चांगले जिवाणू कमी झालेत, तर ते बाहेरून द्यावेत. अडचण पुढे येते. तोंडाने घेतलेली कॅप्सूल पोटातून आतड्यात जाते. तिथून जिवाणू गुदद्वाराकडून योनिमार्गापर्यंत पोचावेत, तिथे टिकावेत, वाढावेत, अशी अपेक्षा. लंडनमध्ये गरोदर बायकांना सुरुवातीच्या आठवड्यांपासून लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीआर-१ आणि लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी आरसी-१४ ही बरीच अभ्यासलेली जोडी तोंडाने दिली (अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला). बाळंतपणापर्यंत घेऊनही योनिमार्गातल्या जिवाणूंत फरक पडला नाही. २०१८ साली सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अकाली प्रसूती वाढलीही नाही आणि कमीही झाली नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. नॉर्वेत सुमारे ७०,००० गरोदरपणांच्या पाहणीत, सुरुवातीच्या महिन्यांत प्रोबायोटिक दूध पिणाऱ्या बायकांत अकाली प्रसूती थोडी कमी दिसली. जाहिरातवाले हेच सांगतात. पण ती चाचणी नव्हती, पाहणी होती. असं दूध रोज पिणाऱ्या बाईचं खाणं, शिक्षण, तंबाखूपासून दूर राहणं, हे सगळंच वेगळं असू शकतं. त्याचं श्रेय दुधाच्या बाटलीला देता येत नाही.

आशा आहे ती लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसकडून. निरोगी योनिमार्गात सगळ्यांत उपयोगी तोच. अमेरिकेत गरोदर नसलेल्या बायकांना व्हजायनोसिसचा उपचार झाल्यावर तो थेट योनिमार्गात दिला, तेव्हा १२ आठवड्यांनी आजार परतण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं (२०२०). पण तोंडाने घ्यायच्या बहुतेक कॅप्सूलमध्ये क्रिस्पॅटस नसतोच, आणि गरोदर बायकांमध्ये अकाली प्रसूती टळते का, हा प्रश्न या अभ्यासाने सोडवलेला नाही.

आता मुख्य काळजी. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी प्रोबायोटिक द्यावं का, यावर २०२१ साली कॉक्रेन या, चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. मधुमेह टळतो असं दिसलं नाहीच, वर प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा विकार, प्रोबायोटिक घेणाऱ्यांत जास्त आढळला. चार चाचण्या, ९५५ बायका, धोका १.८५ पट. या चाचण्यांत बऱ्याच बायका जास्त वजनाच्या होत्या, त्यामुळे हा आकडा प्रत्येकीला जसाच्या तसा लावता येत नाही. पण ज्या विकारामुळे डॉक्टरांना बाळ लवकर काढावं लागतं, तोच विकार वाढण्याची शक्यता असेल, तर ‘घेऊन ठेवलं, काय बिघडतं’ हे वाक्य मागे घ्यावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: आधी बीपी वाढलेलं असेल, वजन जास्त असेल, तर केवळ अकाली प्रसूती टाळण्याच्या आशेने प्रोबायोटिक घेऊ नये.

६. डॉक्टरांशी बोलून घ्यायचंच ठरलं, तर पाकीट वाचा

घेण्याची कारणं असू शकतात. प्रतिजैविकांमुळे जुलाब लागलेत, बद्धकोष्ठ आहे, व्हजायनोसिस सारखं परततंय आणि डॉक्टरांना उपचारासोबत जोड द्यावीशी वाटते. कारण काय ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि किती दिवस तेही. शेवट न लिहिलेलं प्रोबायोटिक नऊ महिने चालू राहतं.

पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव हवं. लॅक्टोबॅसिलस हे झालं आडनाव, रॅम्नोसस हे नाव, आणि जीआर-१ हा घराचा पत्ता. पत्ता नसेल तर कोणत्या अभ्यासातला जिवाणू आहे हे कळत नाही आणि दुसऱ्याचा गुण याच्या नावावर खपवला जातो. नुसतं ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ लिहिलेलं असेल तर ते बाजूला ठेवा.

नंतर संख्या, सीएफयूमध्ये, म्हणजे वाढू शकणारे जिवंत जिवाणू किती. अभ्यासांत साधारण १ ते १० अब्ज रोज असते. ती संख्या ‘बनवताना’ आहे की ‘एक्सपायरीपर्यंत’ आहे ते पाहा. दुसरं असेल तर चांगलं. जास्त जाती, जास्त अब्ज म्हणजे जास्त गुण असं नाही. ‘अकाली प्रसूती रोखते’ असा दावा छापलेला असेल, तर तेवढ्यावरूनच ते घेऊ नका.

बऱ्याच पाकिटांवर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक दिसेल. म्हणजे ते कायद्याने खाद्यपदार्थ आहे, औषध नाही, आणि औषधासारखी गुणाची चाचणी त्याला द्यावी लागलेली नाही. चिठ्ठीवर लिहिलं म्हणून ते औषध होत नाही.

जुलाबांसाठी छोट्या प्लास्टिकच्या कुपीत जे पाणी मिळतं, लहान मुलांनाही देतात, त्यात बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असतात. योनिमार्गाशी त्याचा काही संबंध नाही. फळांच्या चवीच्या छोट्या बाटल्यांत साखर बरीच असते. साखरेची तपासणी वर आली असेल तर त्या नकोतच.

हे कुणी घेऊ नये, तेही इथेच. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू असलेल्या, हृदयाची झडप खराब असलेल्या किंवा बदललेल्या, मोठ्या शिरेत नळी असलेल्या बायका. सिकलसेलचा आजार असलेल्यांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे रक्तात जंतू शिरले तर ते आवरणं अवघड जातं. त्यांनी रक्तरोग तज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही सॅशे फोडू नये.

७. घरी नेल्यावर

नागपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा ४५ च्या वर, आणि डिलिव्हरी बॉयच्या काळ्या बॅगेत त्याहूनही जास्त. जिवाणू जिवंत राहिले तर उपयोग, नाहीतर ती नुसती पावडर. ज्या पाकिटावर २ ते ८ अंशांत ठेवा असं लिहिलंय, ते उन्हाळ्यात ऑनलाइन मागवू नका. ज्या दुकानात ते फ्रिजमधून काढून देतात, तिथूनच संध्याकाळी घ्या आणि सरळ घरी न्या. काउंटरवरच्या बरणीत ठेवलेलं दिसलं तर परत करा, दुकानदाराला राग आला तरी चालेल. घरी फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात. बाहेर चालणारी पाकिटं असतात, पण ‘२५ अंशांखाली’ म्हणजे एप्रिल-मेमधलं आपलं स्वयंपाकघर नव्हे.

जेवणासोबत किंवा लगेच नंतर घ्या. गरम चहा-दुधात सॅशे ढवळू नका. प्रतिजैविक सुरू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. पहिले काही दिवस पोट फुगणं, गॅस होणं चालतं. जुलाब थांबत नाहीत, ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, तर बंद करून डॉक्टरांना फोन.

एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते: कॅप्सूल सुरू असेल तर आठवड्यातून एकदा बीपी मोजा. दंडाचं मशीन घरी असेल तर उत्तम, नसेल तर आशाताई किंवा जवळचा दवाखाना. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी दाखवा. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली उजव्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज आली तर आठवडा संपायची वाट पाहू नका.

योनिमार्गात ठेवायच्या प्रोबायोटिक कॅप्सूल स्वतःहून कधीच नाही. टाका घातलेला असेल, पाणी जात असेल, लाल जात असेल, वार खाली असेल, तर आत काहीही ठेवायचं नाही. प्रोजेस्टेरॉनसुद्धा डॉक्टरांनी सांगितलं तरच.

८. दही-ताकाचं काय?

‘आमच्या टायमाले कुठं होतं हे सारं, दही खाल्लं तं पुरे होतं,’ असं सासूबाई म्हणतात. दही खावं, नक्की खावं. नागपूरच्या उन्हात ताक, ज्वारीची आंबील, पोटाला थंडावा, कॅल्शियम आणि थोडी प्रथिनं. तापवलेल्या दुधाचं घरचं दही निर्धोक असतं. कच्च्या दुधाचं दही, पनीर किंवा चीज मात्र गरोदरपणात टाळा, त्यातून लिस्टेरियाचा संसर्ग होऊ शकतो आणि तो गर्भाला फार घातक. घरी केलेला कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहाही नको.

पण विरजणातले जिवाणू योनिमार्गात नांदणारे नाहीत. दह्यात बोट बुडवून किंवा टॅम्पॉन भिजवून आत ठेवण्याचे सल्ले मोबाईलवर फिरतात. ते अजिबात करू नका. पाण्याचा फवारा मारून आतून धुणंही नाही, ‘इंटिमेट वॉश’ही नाही. जे चांगले जिवाणू आहेत तेही त्याने वाहून जातात.

९. घाई करायची ती इथे

पोट दर दहा-पंधरा मिनिटांनी दगडासारखं घट्ट होतंय, कंबर येऊन-जाऊन दुखतेय, ओटीपोटात खाली जोर येतोय, पाणी गेलं, लाल गेलं, बाळाची हालचाल कमी वाटतेय. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायची ही वेळ नाही. १०८ ला फोन करा. गरोदर मातांसाठी १०२ ची गाडीही असते.

कुठे जायचं हे आधीच ठरवून ठेवा. बाळ लवकर होण्याची शक्यता असेल तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय हवं. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. खासगीत जायचं असेल तर ‘२८ आठवड्यांचं बाळ तुमच्याकडे सांभाळता का?’ असं सरळ विचारा. स्पष्ट ‘हो’ सोडून दुसरं उत्तर आलं तर दुसरं रुग्णालय बघा. काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्यांनी अंतर आणि रात्रीची गाडी हेही धरून चालावं.

लवकर पोचण्याने नेमकं काय साधतं? २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण जवळ दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. आपल्या सरकारी व्यवस्थेत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार डोस. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून पहिलं इंजेक्शन जितकं लवकर, तितकं चांगलं. ३२ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात.

रुग्णालयात सगळ्या औषधांची पाकिटं न्या, प्रोबायोटिकचंही. बायका ते ‘औषध नाही’ म्हणून घरीच ठेवतात आणि डॉक्टरांना कळतच नाही.

बाळ लवकर झालंच तर काचेच्या पेटीतल्या बाळासाठी घरून प्रोबायोटिकचे थेंब नेऊ नका. आईने घ्यायचं प्रोबायोटिक आणि अशा बाळाला द्यायचं प्रोबायोटिक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या, आईचं दूध घेणाऱ्या बाळांना ते द्यायचा विचार करता येईल, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र २०२३ साली, एका बाळाच्या मृत्यूनंतर, रुग्णालयांना सावध केलं. त्यामुळे तो निर्णय बाळाच्या डॉक्टरांचा. आईच्या वाट्याचं काम असतं दूध काढण्याचं, पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी, थेंबभर निघालं तरी.